२४ मधले ९ ठेव, लेन्सचं नंतर बघू

बेळगावच्या वडगावहून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाचं पत्र आलंय: "मॅडम, दोन वर्षं पोर्ट्रेट काढतोय, सगळे नॅचरल लाइटमध्ये. सगळे मस्त म्हणतात पण काम कोण देत नाही. ८५ मिमीची लेन्स घ्यायचा विचार आहे, पप्पा म्हणतात आधी डिग्री पूर्ण कर. २४ फोटो पाठवलेत, खरं काय ते सांगा."

खरं सांगायचं तर लेन्स घेऊ नकोस. तुझी क्रॉप बॉडी आहे, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, आणि ५० ची लेन्स आहेच, ती त्या बॉडीवर ७५-८० सारखी चालते, म्हणजे पोर्ट्रेटची लेन्स तुझ्याकडे आधीच आहे की. ८५ लावलीस तर ती १३० च्या आसपास जाईल, मग घरातल्या खोलीत फोटो काढायला तुला भिंतीच्या पलीकडं जाऊन उभं राहावं लागेल.

आता फोटो. येळ्ळूरच्या राजहंसगडावर मित्राला भर दुपारी उभं केलंयस, ऊन वरून सरळ पडतंय, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, आणि मग एडिटमध्ये ते खड्डे उजळ केल्यामुळं कातडी राखाडी झाली. त्यालाच गडाच्या दरवाजाच्या आत, सावलीच्या काठावर, तोंड बाहेर करून उभा केला असतास तर समोरच्या उन्हातल्या जमिनीवरून उजेड उसळून हनुवटीखाली आला असता, एक पैसा खर्च नाही. बहिणीचे उसाच्या फडातले सहा फोटो आहेत, सहाही एकच हसू, आणि गळ्याखाली उसाचा हिरवा रंग चढलाय तो तुला दिसलाच नाही वाटतं. एक ठेव, पाच काढ. चार फोटोंत फोकस कानावर गेलाय. एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडं असताना, फोकस जवळच्या डोळ्यावर धरायचा, नाहीतर सरळ २.८ कर.

पण १७ नंबर! पप्पा विणकामाच्या मागाच्या शेडच्या दारात चहाचा कप घेऊन बसलेत आणि खाली तू लिहिलंयस, "करंट गेलेला म्हणून टाइमपास काढला". अरे, हाच तुझा सगळ्यात चांगला फोटो. त्याच शेडमधला ९ नंबर शेजारी ठेवून बघ. ९ मध्ये दाराचा उजेड गालावर आणि वरच्या ट्यूबचा हिरवट उजेड कपाळावर, व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाच्या रंगाचा मेळ, एकाला जुळवलास की दुसरं बिघडतंय. १७ मध्ये करंट नाही, ट्यूब बंद, दार एकटंच, त्यामुळं पप्पांच्या डोळ्यात दाराचा छोटा पांढरा चौकोन दिसतोय, नाकाची सावली मऊ, मागचे माग अंधारात गेलेत. तू ठरवून केलं नाहीस, वीज कंपनीनं, हेसकॉमनं केलं. आता ते तू ठरवून करायचं, एवढंच शिकायचंय, आणि त्याला लेन्स लागत नाही, ट्यूबचं बटण लागतं.

मी या कामाला लागायच्या आधी बरीच वर्षं फोटोवरच पोट भरत होते. सुरुवातीला एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्यांना अल्बम दाखवायला गेले, त्यांनी प्रत्येक फोटो उलटा धरून बघितला, मला रागच आला होता. उलटा धरला की चेहरा ओळखीचा राहत नाही, नुसते उजेडाचे आणि अंधाराचे तुकडे दिसतात. तू तुझे २४ असे बघ. आणि दुसऱ्याला दाखवताना "कसा आहे" म्हणून विचारू नको, मस्तच म्हणणार. "पहिली नजर कुठं गेली" विचार, ९ नंबरला सगळे ट्यूबकडं बोट दाखवतील बघ.

उत्तरेची खिडकी चांगली, तिथून थेट ऊन येत नाही, असं तू कुठंतरी वाचलंयस, बरोबर आहे, पण ते लिहिणारे थंड मुलखातले. आपल्याकडं मे च्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. जूनपासून ढगच असतात म्हणून चालून जातं, मे मध्ये मात्र खिडकीला पांढरी लुंगी बांध.

पप्पांचं डिग्रीचं बरोबर आहे, पण नोकरीसाठी म्हणून नाही. एनआयडीचा, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा, फोटोग्राफी डिझाइनचा कोर्स गांधीनगरला आहे आणि तो एम.डेस. आहे, म्हणजे डिझाइनमधली मास्टर्स, बी.कॉम. पूर्ण केल्याशिवाय तुला तिथं प्रवेश मिळणार नाही, आणि तिथं पोर्टफोलिओ बघतात. लग्नाच्या स्टुडिओत सिझनला असिस्टंट म्हणून जा की, पण पेपर बुडवून नको. कन्नड चांगलं बोलतोस म्हणालास, ते लई कामाचं आहे, समोरचा माणूस त्याच्या भाषेत गप्पा मारायला लागला की खांदे आपोआप खाली येतात.

ठेवायचे नऊ फोटो कुठले ते मेलमध्ये लिहिलंय. आता पप्पांना जेवणाच्या सुट्टीत, माग बंद असताना, त्याच दारात बसव, ट्यूब बंद कर. एक फोटो दारापासून दोन फुटांवर, एक सहा फुटांवर, आणि एक सहावरच पण दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरून. तिन्ही एडिट न करता पाठव. आणि पप्पांना आधी जेवू दे.