दोन लहान मुलींच्या घरात थोरलीला मोठे करण्याची घाई नको

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्हाला सहा आणि तीन वर्षांच्या दोन मुली आहेत, दोघी दिवसभर भांडतात, मोठी अजिबात समजून घेत नाही, कामावरून थकून आल्यावर दारातच तक्रारी ऐकाव्या लागतात, त्यातच नातेवाईक तिसऱ्या अपत्याचा विषय काढतात, अशा घरात रोजचा दिवस कसा सांभाळावा?

मी कोल्हापुरात राहतो, शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत नोकरी करतो आणि मलाही दोन मुली आहेत, थोरली आठ वर्षांची आणि धाकटी चार वर्षांची. तुमच्या प्रश्नातील सगळ्या तक्रारींपैकी मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते वाक्य म्हणजे ‘मोठी अजिबात समजून घेत नाही’. ती मोठी सहा वर्षांची आहे. तिचे दुधाचे दात आत्ता कुठे पडू लागले असतील, रात्री अंधाऱ्या खोलीत एकटे जायला ती घाबरत असेल, आणि धाकटी जन्मलीच नसती तर आपण सगळ्यांनी तिला अजून लहानच म्हटले असते. घरात तिच्याहून लहान जीव आला म्हणून तिचे वय वाढत नाही, तिच्याकडून ठेवली जाणारी अपेक्षा मात्र एका रात्रीत वाढते. माझे स्पष्ट मत असे आहे की दोन मुलींच्या घरातील बरीचशी भांडणे मुलींच्या स्वभावातून येत नाहीत, ती या अपेक्षेतून येतात. थोरला मुलगा असता तर त्याने धाकट्याला भरवावे, त्याचे नाक पुसावे, आई स्वयंपाकात असताना त्याला खेळवत बसावे, असे आपल्यापैकी फार थोड्यांना सुचले असते. मुलीच्या बाबतीत ते न बोलता गृहीत धरले जाते.

हे मला पुस्तकांतून नव्हे, माझ्या आईकडून कळले. तिचे माहेर पन्हाळा तालुक्यातील, आणि पाच भावंडांत ती थोरली. भाताच्या लावणीच्या दिवसांत आईवडील शेतावर गेले की धाकटा भाऊ हिच्या कडेवर असे, आणि चौथीनंतर तिची शाळा सुटली ती त्याच कारणाने. तिने याबद्दल कधी कुरकुर केली नाही, त्यामुळे आमची धाकटी जन्मली तेव्हा तिने थोरलीला जवळ घेऊन अगदी मायेने सांगितले, ‘आता तूच हिची दुसरी आई.’ त्या रात्री मी आईजवळ बसून तिला एवढेच विचारले की तुला त्या वयात काय करायला आवडले असते. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मला तिसापर्यंत पाढे येत होते. पुढं कुणी शिकवलं नाही.’ त्यानंतर तिने थोरलीला बाळाजवळ बसवून ठेवणे सोडले. आज संध्याकाळी नातीचे पाढे तीच म्हणून घेते, आणि तेवढा वेळ धाकटीला तिची आई किंवा मी सांभाळतो. घरातील वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्या लहानपणाविषयी विचारले तर ते आपल्या बाजूला अधिक लवकर येतात, असा माझा अनुभव आहे.

आता रोजच्या भांडणांविषयी. आमचे घर दोन खोल्यांचे आहे, त्यामुळे प्रत्येकीला स्वतंत्र खोली देणे शक्य नाही. पण भिंतीतल्या कपाटाचा एकेक कप्पा दोघींच्या नावाने वेगळा केलेला आहे आणि थोरलीचा कप्पा धाकटीच्या हाताला पोहोचणार नाही इतक्या उंचीवर आहे. त्या कप्प्यातील खडू, कंपासपेटी किंवा बाहुली मागितल्यावर नाही म्हणण्याचा अधिकार थोरलीला आहे, आणि तो आम्ही पाहुण्यांसमोरही जपतो. ‘दे ना तिला, ती लहान आहे’ हे वाक्य आमच्या घरात बोलले जात नाही. सक्तीने वाटून घ्यायला लावले की मूल आपली वस्तू अधिकच घट्ट धरते. जी वस्तू आपल्याकडून कोणी हिसकावणार नाही याची खात्री असते, ती ते स्वतःहून पुढे करते. तीन वर्षांच्या मुलीला मात्र ‘थोड्या वेळाने’ म्हणजे किती वेळ हे कळत नाही, म्हणून तिची पाळी केव्हा येणार हे तिला दिसेल किंवा ऐकू येईल अशा रीतीने सांगावे लागते: कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की सायकल तुझी, किंवा हे गाणे संपले की झोका तुझा. रात्रीची गोष्ट कोणी निवडायची यावरून होणारा वाद कालनिर्णयाच्या पानावर मिटला. एका तारखेवर एकीची खूण, पुढच्या तारखेवर दुसरीची. भांडण झालेच तर सुरुवात कोणी केली हे मी विचारत नाही, कारण त्या चौकशीत दरवेळी जिला नीट बोलता येते तीच हरते किंवा तीच जिंकते, आणि दोन्ही वाईट. मी दोघींना दोन बाजूंना बसवतो, मोडलेली वस्तू जिने मोडली तिला सोबत घेऊन चिकटवतो, आणि तिथेच थांबतो.

तुम्ही थकून घरी येता हे मी समजू शकतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी पोहोचेपर्यंत दोघी झोपलेल्या असतात, आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यात भट्टीच्या उष्णतेने अंग आंबून गेलेले असते. अशा स्थितीत दोघींना एकत्र पुरेसा वेळ देता येत नाही. पण एकेकीला थोडा वेळ, तिचा एकटीचा, नक्की देता येतो. दुसरी पाळी असली की थोरली शाळेत गेल्यावर मी धाकटीला घेऊन कपिलतीर्थ मंडईत भाजी आणायला जातो, पिशवीतली कोथिंबिरीची जुडी तिने धरायची असते. रविवारी सकाळी थोरली आणि मी रंकाळ्यावर फिरायला जातो, आणि त्या फेरीत धाकटीचा विषय मी काढत नाही. ज्या आठवड्यात ही फेरी चुकते, त्या आठवड्यात घरातली भांडणे वाढलेली मला स्पष्ट दिसतात. महागडी खेळणी किंवा सहली यांपेक्षा आईवडिलांपैकी एकाचे असे अविभक्त लक्ष मुलींना अधिक हवे असते, आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

थोरलीचे आखूड झालेले कपडे धाकटीला घालण्यात काही गैर नाही, आम्हीही घालतो. फक्त जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दिवाळीला तिच्यासाठी एक तरी वस्तू नवी घेतो.

दोघी एकत्र, पण बरोबरीने, अशा खेळांची आपल्याकडे वाण नाही. हस्त नक्षत्र लागले की आमच्या गल्लीत हादगा होतो. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरताना आठ वर्षांची आणि चार वर्षांची एकाच रांगेत असतात, आणि शेवटी खिरापत ओळखताना धाकटीने वाटाणे म्हटले काय आणि थोरलीने करंजी म्हटले काय, दोघींच्या शब्दाला सारखाच मान मिळतो. तुमच्या गावी हादगा किंवा भोंडला होत असेल तर दोघींना जरूर न्या.

नातेवाइकांच्या बाबतीत अनेक जण दुर्लक्ष करण्याचा सल्ला देतील. मला तो पटत नाही. ‘दोन्ही मुलीच का? एक बघा की अजून’ हे वाक्य मुलींनी ऐकलेले असते, म्हणून त्याचे उत्तरही त्यांना ऐकू गेले पाहिजे. मी शांतपणे एवढेच म्हणतो, ‘काका, आम्हाला दोन मुले हवी होती, दोन आहेत.’ त्यापुढे चर्चा करत नाही. हा प्रश्न साधा नाही, कारण त्यामागचा इतिहास आमच्याच जिल्ह्याचा आहे: २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली होत्या, आणि गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा केंद्रीय कायदा तर १९९४ मध्येच संमत झाला होता. कोणी सांत्वन म्हणून २०१० मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवणाऱ्या तेजस्विनी सावंत किंवा २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या राही सरनोबत या कोल्हापूरच्याच नेमबाजांची नावे घेतात. त्या दोघींचा मला मनापासून अभिमान आहे, तरीही मुलगी म्हणून जन्मल्याची भरपाई पदकाने करावी लागते असे माझ्या मुलींना वाटू नये, म्हणून मी ते उदाहरण उत्तरादाखल देत नाही. वंशाचा आणि वाड्याचा विषय निघाला तर मात्र कायदा सांगतो: ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आणि जन्मापासूनचा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये तो अधिक स्पष्ट केला आहे.

शेवटी पैशाचे. सुकन्या समृद्धी योजनेत दहा वर्षांखालील मुलीच्या नावे पोस्टात किंवा बँकेत खाते उघडता येते आणि सर्वसाधारणपणे एका कुटुंबात दोन मुलींची खाती चालतात, म्हणजे तुमच्या दोघीही त्यात बसतात. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात, भरणा पंधरा वर्षे करायचा असतो, खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत संपते, आणि मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मुलीचा जन्मदाखला आणि पालकाचे आधार व पॅन कार्ड घेऊन जा. पासबुके दोन वेगळी असतील. आजी-आजोबांनी वाढदिवसाला दिलेले पैसे जिचे तिच्याच खात्यात भरा, आणि तुमची थोरली वाचायला शिकत असेल तर तिचे पासबुक तिला वाचून पाहू द्या.