धाकट्याचं जन्मसाल

चि. बेटा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

निरोप वाचला. आई चिडली, बाबा हसले आणि तू मध्ये सापडलीस. तुझ्या धाकट्या भावाला इन्स्टाग्रामला लागणारं तेरावं पूर्ण व्हायला चार महिने कमी, म्हणून तिथे त्याचं जन्मसाल तू २००४ टाकलंस. "काका, सगळेच टाकतात!" टाकतात की. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या पोरांत खऱ्या तारखेचं एक खातं शोधून दाखव, सेव-उसळ माझ्याकडून.

मी जन्मभर बँकेत खाती उघडली, त्यामुळे माझी नजर वेगळ्या जागी जाते. १० वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं. पण किती पैसे काढायचे याला बँक मर्यादा घालते, आणि १८ पूर्ण झाले की सही नव्याने घेते. म्हणजे दार उघडलं तरी मूल मूलच राहतं. तू दारासाठी खोटं बोललीस, पण आत गेल्यावरही तेच खोटं चालू आहे. इन्स्टाग्रामवर अल्पवयीनांची खाती आता आपोआप खासगी असतात, अनोळखी माणसाला त्यांना सहज मेसेज धाडता येत नाही. आपला पठ्ठ्या मात्र तिथे विशी ओलांडलेला बाप्या! त्याला कुंपण कोण घालणार?

कायद्याचंही तेच. आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८च्या आतलं ते मूल. त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती हवी, त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती मारायच्या नाहीत, चुकल्यास दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, पण कंपन्यांना तयारीला दीड वर्ष दिलंय. ते लागू होतील तेव्हा या खात्याला त्याचा काय उपयोग? कागदावर तो मूल नाहीच.

वयाची अट आपल्या बडोद्याला नवी नाही. सयाजीरावांनी १९०४मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला, तेव्हा दंड भरून लग्नं उरकणारे आईबाप होतेच. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून १६च्या आतल्यांची सोशल मीडियावरची खाती बंद केली, त्यात मला आवडलेली गोष्ट ही की दंड मुलाला नाही, आईबापांनाही नाही. तो कंपनीला, ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. पोरं तिथेही फटी शोधणारच, पण निदान जबाबदारी योग्य माणसाच्या गळ्यात पडली.

घोडं अडतं ते वय सिद्ध करण्यापाशी. चेहरा दाखवा, नाहीतर ओळखपत्र द्या. ऑक्टोबर २०२५मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने कबूल केलं की वयाच्या तक्रारींसाठी लोकांनी दिलेल्या सुमारे ७०,००० ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत. काम बाहेरच्या कंपनीकडे दिलं होतं. बँकेत आम्ही झेरॉक्सवर "फक्त खाते उघडण्यासाठी" असं आडवं लिहून सही घ्यायचो. ती सवय तू मोबाईलवरही ठेव. धाकट्याचं आधार कुठल्याही ॲपवर चढवायचं नाही, वय सिद्ध करायलासुद्धा नाही.

आता तुझं काम. त्याच्या शेजारी बसून जन्मतारीख दुरुस्त कर. तेराच्या आतला म्हणून खातं बंद झालं तर होऊ दे. चार महिन्यांनी आईबाबांसमोर, खऱ्या सालाने उघडा. फुगेल चार दिवस. पण त्याला हे नक्की सांग की कोणी अनोळखी फोटो मागू लागला, धमकावू लागला, तर तो तुझ्याकडे यायचा, आणि तू ओरडणार नाहीस. ओरडलीस की पुढच्या वेळी तो येत नाही. हे मी घरीच शिकलो, महागात. प्रकरण वाढलंच तर सायबर तक्रारीला १९३०, मुलांसाठी १०९८. फोनमध्ये घालून ठेव.

आणि हो, त्याला रागावण्याआधी तुझं स्वतःचं खातं उघड. त्याच्या मुंजीतला फोटो अजून तिथे आहे: तासलेलं डोकं, लंगोटी, खाली पूर्ण नाव आणि शाळा. मावशीने तोच पुढे टाकला, बत्तीस जणांनी बदाम दिले. त्याला कोणी विचारलं होतं? तू विचार. रविवारी सकाळी मी कमाटीबागेत असतो, तो काय म्हणाला ते तिथे येऊन सांग.

तुझा,
काका