मटणाच्या जागी काय आलं?

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. मटण आता महिन्यातून एखाद्याच रविवारी, बाकी सगळं शाकाहारी, आणि एक तारखेपासून जिम. बेत चांगला आहे. आजोबांच्या कपाळावर आठ्या आल्या असतील, पण त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांचा रस्सा त्यांना सुखाने खाऊ दे.

मला काळजी वेगळीच आहे. मटण ताटातून गेलं, त्याच्या जागी काय आलं? बडोद्यात शाकाहारी व्हायला कष्ट पडत नाहीत. रविवारी सकाळी फाफडा-जिलेबी, ऑफिसातून निघताना कचोरी, मैत्रिणींबरोबर शेव-उसळ, घरच्या डब्यात लीलो म्हणजे बटाट्याचा ओलसर चिवडा. कशातच मांस नाही! इस्पितळाच्या आहार विभागात होते तेव्हा, जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेली आणि तरी साखर, कोलेस्टेरॉल वाढलेली माणसं रोज समोर बसायची. ‘आम्ही तर शुद्ध शाकाहारी’ हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं.

शेव-उसळीला मी शत्रू म्हणणार नाही, मलाही ती आवडते. त्यात वाटाणे आहेत, म्हणजे कडधान्य आहे. बिघडतं ते वरच्या लाल तेलाच्या तरीत, मूठमूठ पडणाऱ्या शेवेत आणि पावात. घरी कर. वाटाणे रात्री भिजव, फोडणीला चमचाभर तेल, कांदा-कोथिंबीर-लिंबू भरपूर, शेव चिमूटभर चवीपुरती. पावाऐवजी भाकरी घेऊन बघ. बाहेर जायचंच असेल तेव्हा जा आणि मजेत खा, फक्त ते रोजचं जेवण होऊ देऊ नकोस. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, म्हणून तळलेल्याचा हिशोब पोटाला कळायच्या आधीच वाढलेला असतो.

आता प्रोटीन. जिमवाले पहिल्याच दिवशी पावडरचा डबा पुढे करतील. आपल्याकडच्या आयसीएमआरच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेच्या, शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. तू ५५ किलोची धरली तर दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास. पण आपल्या घरचं वरण पातळ असतं, वाटीत डाळ कमी आणि पाणी जास्त, त्यामुळे ‘मी रोज वरण खाते’ म्हणून हा आकडा गाठला जात नाही. दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा मुगा-मटकीची उसळ, वाटीभर दही, मूठभर भाजलेले शेंगदाणे, तीन-चार पोळ्या, एवढ्यात तो जवळपास येतो. अंडं चालत असेल तर एक अंडं म्हणजे ६ ग्रॅम. डब्यावर पैसे घालण्याआधी हे कर. थंडीत खंडेराव मार्केटात ओली तूर, पापडी, हिरवे वाटाणे येतात तेव्हा तर कसलं निमित्तच उरत नाही. उंधियू मात्र घरचा. बाहेरचा तेलात पोहत असतो.

मटण कमी केलंस म्हणून दोन गोष्टींकडे नीट लक्ष दे. बी १२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. दूध-दह्यातून थोडं येतं, पण पुष्कळ शाकाहारी माणसांत ते कमी निघतं, म्हणून हिमोग्लोबिनबरोबर तेही तपासून घे. कमी निघालं तर गोळी डॉक्टरांना विचारून, मैत्रिणीच्या सांगण्यावरून नाही. दुसरं लोह. डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगाला कमी लागतं. जेवताना त्यांवर लिंबू पिळलंस तर जास्त लागतं, आणि जेवणाला लागून चहा घेतलास तर कमी. तुम्ही सगळे जेवण झालं की चहाचं आधण ठेवता, मला माहीत आहे. तासभर थांब.

व्यायामाचं म्हणशील तर नवरात्रात तू नऊ रात्री गरबा खेळतेस, घामाने भिजतेस, आणि दसऱ्यापासून पुढच्या नवरात्रापर्यंत लिफ्ट! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. पहिला भाग कमाटीबागेत भागतो. उन्हाळ्यात सातच्या आत फिरून घरी ये, नंतर बडोद्याचं ऊन सोसवत नाही. चालताना बोलता यावं पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे.

दुसरा भाग बायका हमखास सोडतात. जेवणातली साखर बरीचशी स्नायूच ओढून घेतात. ते जपले नाहीत तर नुसतं चालून पुरत नाही. त्यासाठी जिमच हवं असं नाही. या गावाला तालमीचा वारसा आहे. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं आणि ते चालवणाऱ्या प्रा. माणिकरावांचं नाव तू घरात ऐकलंच असशील. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादलेला व्यायाम ज्ञानकोशाचा दहा खंडांचा मराठी पसाराही याच गावातून निघाला. जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकवून सुरू कर, मग ओट्याला, मग जमिनीवर. बैठका खुर्चीवर बसत-उठत. रोज शंभर मारायच्या हट्टापायी गुडघे धरून घरी बसणारे मी फार पाहिलेत, तेव्हा पहिल्या महिन्यात थोडं कमीच कर.

जिमची वर्षाची फी एकदम भरू नकोस. महिन्याची भर. वर्षभराची फी भरून मार्चमध्ये येणं बंद केलेल्यांवरच अशा जागा चालतात, असं माझं मत आहे. तिथल्या मुलाला रागव म्हणत नाही, पण ‘चरबी वितळवणारा’ काढा विकू लागला तर ऐकून सोडून दे.

वजनकाट्यावर रोज चढू नकोस. आठवड्यातून एकदा, सकाळी, तेवढं पुरे. पोटाचा घेर त्याहून जास्त सांगतो.

रविवारी येताना रक्ताचा रिपोर्ट आण आणि तीन दिवसांचं खाणं लिहून आण, ऑफिसातले चहा आणि बिस्किटंसुद्धा. तुझ्या आईला सांग, घट्ट वरणाचा वाद माझ्याशी घालायचा, तुझ्याशी नाही.

तुझी,
मावशी