फ्लेविडसचे ठिपके

प्रश्न : 'स्पिन्थारस फ्लेविडस' हा पाठीवर हसऱ्या चेहऱ्यासारखी नक्षी असलेला पिवळा कोळी. त्याच्या कॅरिबियनमधल्या खुल्या नोंदी मी नकाशावर टाकल्या. क्युबा, जमैका, हिस्पॅनिओला (हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक या दोन देशांचे बेट) इथे ठिपके आले, पण दोन चक्क भारतात पडले! हा कोळी इथेही आहे का? सगळा पट्टा रंगवून त्याला आढळक्षेत्र म्हणू का?

उत्तर : ते दोन ठिपके बहुधा जमैकाचे असतील. जमैका साधारण 18 उत्तर, 77 पश्चिमेला आहे. रेखांशाचे उणे चिन्ह गळले की तीच जागा दख्खनच्या पठारावर येते. खोडण्याआधी मूळ नोंद उघडून पाहा. अंश-मिनिटांचीही गल्लत होते : 18 अंश 30 मिनिटे म्हणजे 18.5. कुणी 18.30 लिहिले, तर ठिपका सुमारे 22 किलोमीटर सरकतो.

हे दुरुस्त होण्यासारखे आहे. खरी अडचण नावाची आहे. उत्तर अमेरिकेपासून ब्राझीलपर्यंत फ्लेविडस ही एकच जात पसरली आहे, असे फार काळ मानले जाई. 2018 साली डीएनए तपासून या गटातून 15 नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या. क्युबातल्या एकीचे नाव बर्नीसँडर्सी, जमैकातल्या एकीचे डेव्हिडअ‍ॅटनबरोई. म्हणून बेटांवरच्या जुन्या 'फ्लेविडस' नोंदी तूर्त फक्त 'स्पिन्थारस' समजा. पट्टा तर रंगवूच नका, मध्ये समुद्र आहे.

पाठीवरच्या नक्षीवर भिस्त ठेवू नका. रंग आणि ठिपके एकाच जातीतही बदलतात, त्यामुळे नुसत्या फोटोवरून प्रजातीपुढे (genus, म्हणजे 'स्पिन्थारस' या नावापुढे) जाणे धाडसाचे. प्रौढ मादीचे जननांग किंवा नराच्या स्पर्शपादाचे (तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवाचे) टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. कोळी जेमतेम काही मिलिमीटरचा, त्यामुळे मादीचे जननांग बारीक सुईने सोडवून लवंगेच्या तेलात ठेवतात. आतल्या नळ्या पारदर्शक दिसू लागतात. डीएनएसाठी नमुना 95 टक्के अल्कोहोलमध्ये हवा. त्यात शरीर कडक होते आणि तपासताना पाय तुटतात. म्हणून दोन-तीन पाय 95 टक्क्यांत आणि उरलेला देह 70-75 टक्क्यांत ठेवा, पण दोन्ही कुप्यांवर एकच क्रमांक घाला. हा क्रमांक चुकला की दोन्ही नमुने वाया.

प्रत्येक ठिपक्यापुढे नमुना कुठे ठेवला आहे, तो कशावरून ओळखला आणि जागेतली चूक किती मीटरची असू शकते, हे तीन रकाने ठेवा. हिस्पॅनिओलावर ठिपके एकाच देशात दिसले, तर शेजारी कोळीच नाही असे धरू नका. तिथे कुणी शोधलेच नसेल.

प्रश्न : सापडलेली सगळी पिल्लेच आहेत. त्यांना नाव देता येईल?

उत्तर : जननांगावरून नाही, ते तयारच झालेले नसते. डीएनएवरून येईल, पण जुळवायला त्याच बेटावरच्या, प्रौढ अवस्थेत ओळखलेल्या कोळ्याचा डीएनए-क्रम हवा. तोवर लेबलवर प्रजाती ('स्पिन्थारस'), ठिकाण आणि तारीख एवढेच लिहा.