वडिलांसाठी हृदयाचे, मेंदूचे आणि लघवीचे तज्ज्ञ आधीच आहेत. तरी वृद्धांच्या वेगळ्या ओपीडीत न्यायची गरज आहे का? तिथे वेगळं काय करतात?

हो, न्या. तुम्ही लिहिलंय की वडील ७८ वर्षांचे आहेत, तीन तज्ज्ञांची औषधं चालू आहेत, दिवसाला अकरा गोळ्या होतात, अलीकडे चालणं मंदावलंय, दोनदा पडले आणि घरचे म्हणतात, 'आता वय झालंय, आणखी एक डॉक्टर कशाला?' या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसलो. मी वृद्धांच्या ओपीडीत काम करतो आणि हे वाक्य तिथे रोज कानावर पडतं.

वय झालं म्हणून कुणी पडत नाही. पडण्याला कारण असतं, बहुतेक वेळा तीन-चार कारणं एकत्र असतात, आणि त्यातलं निदान एखादं तरी दुरुस्त करता येतं. ते शोधायला तिन्ही तज्ज्ञांच्या चिठ्ठ्या एका टेबलावर ठेवून वाचणारं कुणीतरी लागतं.

एक केस सविस्तर सांगतो, कारण तुमच्या वर्णनाशी ती फार जुळते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. ऐंशीच्या घरातले आजोबा, 'कंपवात (पार्किन्सन) झालाय' असं सांगून मुलगा घेऊन आलेला. पाऊल उचलत नव्हतं, घासत होतं. चेहऱ्यावर हावभाव नाहीत, बोलणं पुटपुटल्यासारखं, दोन्ही हात सारखेच ताठ. ही 'सारखेच' गोष्ट महत्त्वाची. खरा कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो. दोन्ही बाजू एकदम आणि काही महिन्यांतच ताठरल्या, तर आधी औषधांची पिशवी उघडायची.

ती पिशवी उघडून प्रत्येक औषध कुठल्या महिन्यात सुरू झालं याची उतरंड मांडली. पहिलं औषध गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, रोज दोनदा. त्याने जळजळ सुरू झाली, म्हणून सकाळी अनाशापोटी 'गॅसची कॅप्सूल'. त्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोल २० मिलिग्रॅम होतं आणि जोडीला लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम. घरच्यांच्या लेखी ती नुसती गॅसची गोळी. एकदा लिहून दिलेली, मग मेडिकलमधून दर महिन्याला आणलेली. लेव्होसल्पिराइड पोटाची हालचाल वाढवतं, पण मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाचं, कामही अडवतं. म्हाताऱ्या माणसात ते महिनोन्‌महिने चाललं की कंपवातासारखंच चित्र उभं राहतं. मग हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. त्याने तोंड कोरडं, संडासला घट्ट, विसरभोळेपणा आणि लघवी तुंबणं. लघवी तुंबली म्हणून प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन. त्याने उठून उभं राहताना बीपी घसरायला लागलं, चक्कर आली. चक्करीवर सिनारिझिन. आणि सिनारिझिनही डोपामिन अडवतं, म्हणजे ताठरपणा दुप्पट. मग पडले. पडल्यावर मनगटाला प्लास्टर आणि कॅल्शियम.

यात कुणी बेजबाबदार नव्हतं. प्रत्येकाने समोरच्या तक्रारीवर पुस्तकातलं औषध लिहिलं. फक्त दुसऱ्या तक्रारीपासून पुढची प्रत्येक तक्रार आधीच्या गोळीची होती, आणि एवढं मागे जाऊन पाहायला आठ मिनिटांच्या ओपीडीत वेळ मिळत नाही.

सोडवताना क्रम महत्त्वाचा. लेव्होसल्पिराइड आणि सिनारिझिन त्याच दिवशी बंद. डायक्लोफेनॅकच्या जागी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, लागेल तेव्हा, दिवसाला जास्तीत जास्त तीन, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम. ट्रायहेक्सिफेनिडिल एकदम तोडत नाहीत, अर्धी-अर्धी गोळी करत काही आठवड्यांत उतरवतात. ते पूर्ण उतरल्यावर लघवीनंतर मूत्राशयात किती उरते हे सोनोग्राफीत पाहायचं आणि मगच टॅमसुलोसिन ठेवायचं की काढायचं ते ठरवायचं. एका वेळी सगळं काढलं की नंतर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हे कळायला मार्ग राहत नाही. या आजोबांना खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला पहिल्या दिवशी ३१ सेकंद लागले होते. तीन महिन्यांनी १४. अजून १२ च्या खाली नाहीत, म्हणजे पडायची जोखीम संपलेली नाही, पण स्वतः शर्टाची बटणं लावतात आणि बाथरूमला कुणाला हाक मारत नाहीत.

आता तुम्ही विचारलेलं: या ओपीडीत वेगळं काय करतात? वर सांगितलेली खुर्चीची चाचणी करतात. झोपवून आणि उभं करून बीपी घेतात. ही घरीही करता येते आणि बहुतेक घरी ती चुकते, म्हणून नीट सांगतो. पाच मिनिटं पाठीवर शांत झोपवा, बोलू देऊ नका, मग बीपी घ्या. उभं करा, एका मिनिटाने घ्या, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते पडण्याचं एक कारण धरायचं. लोक बसवून आणि मग उभं करून मोजतात, त्यात घसरण लपते. पट्टा सैल बांधतात, हात लोंबकळत ठेवतात. उभं करताना शेजारी एक धडधाकट माणूस हवाच.

स्मरणशक्तीची चाचणी होते, पण त्याआधी कानात बॅटरी मारून मळ पाहायचा असतो. शब्द ऐकूच आले नाहीत तर आठवणार कसे? कानातला मळ काढल्यावर 'विसरभोळे' आजी गप्पा मारायला लागलेल्या या ओपीडीत काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिल्यात. तसंच मन उदास असलं तरी चाचणीत गुण कमी पडतात, म्हणून नैराश्याचे प्रश्न वेगळे विचारतात. पायांची नखं, चपलेचा तळ, कवळी बसते का, सहा महिन्यांत वजन किती उतरलं, रात्री लघवीला किती वेळा उठतात, संडास भारतीय पद्धतीचा की कमोड, धरायला दांडा आहे का, हे सगळं विचारलं जातं. नातेवाइकांना हा वेळकाढूपणा वाटतो. निम्म्या गोष्टी इथेच सापडतात.

मूत्रपिंडाचा हिशेबही इथेच होतो. लॅबच्या कागदावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) १.० आलं की खाली 'नॉर्मल' छापलेलं असतं. पण ८२ वर्षांची, ४२ किलो वजनाची बाई घ्या. १४० मधून वय वजा करा, ५८. गुणिले वजन ४२, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), आणि बाई असल्याने गुणिले ०.८५. उत्तर येतं मिनिटाला साधारण २९ मिलिलिटर. म्हणजे औषध बाहेर टाकायची ताकद तरुण माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि गोळ्यांचा डोस मात्र पूर्ण. नसांच्या दुखण्याचं प्रेगाबालिन पूर्ण डोसात चालू असेल तर ती दिवसभर गुंगीत राहणार, आणि घरात सगळे म्हणणार की आजी हल्ली फार झोपतात.

शुगरचंही तसंच. ऐंशीच्या माणसाचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.२ आलं म्हणून अभिनंदन करणाऱ्यांशी माझं वर्षानुवर्षांचं भांडण आहे. ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्यांवर असा आकडा आला तर पहाटे कधीतरी शुगर खाली जात असण्याची शक्यता मोठी. अनेक आजार असलेल्या वृद्धांत ८ च्या आत पुरे असतं. तरुणपणी लावलेली शिस्त उतारवयात सैल करावी लागते, आणि ते लिहून द्यायला डॉक्टरांना गोळी वाढवण्यापेक्षा जास्त धीर लागतो.

आणखी एक जुनं भांडण. 'जेरियाट्रिक्स (वृद्धांचं वैद्यक) वेगळी शाखा कशाला, हे कुठलाही एमडी मेडिसिन करेल' असं वैद्यकीय वर्तुळातच ऐकवलं जातं. करेल, वेळ मिळाला तर. मद्रासच्या सरकारी रुग्णालयात ही ओपीडी १९७८ साली सुरू झाली आणि मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयात एमडी १९९६ पासून आहे, तिथल्या डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी तो पाया घातला. तरी आपल्याकडे अजून 'हे काय असतं' हा प्रश्न येतो. पहिल्या भेटीला पाऊण ते एक तास देणं, आणि औषध काढणं हाही उपचार मानणं, हे काम वेगळं शिकावंच लागतं.

जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून न्या. यादी नको, खऱ्या स्ट्रिपा आणि बाटल्या. चूर्ण, काढा, शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळी, सर्दीची गोळी, आणि डोळ्यांचे थेंब. थेंब कुणीच आणत नाही. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनी नाडी मंदावते आणि दमेकऱ्याला धाप लागते. पडण्याचं कारण डोळ्याच्या बाटलीत असू शकतं. चष्मा, कानाचं यंत्र, काठी आणि रोजच्या चपला न्या, नव्या बुटांत आणू नका. मागचे ईसीजी, डिस्चार्ज कार्डं तारखेनुसार लावा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर 'रक्त तपासतील' म्हणून सकाळपासून उपाशी बसवून आणू नका.

सोबत तो माणूस यावा जो रोज हातात गोळ्या देतो. बहुतेक वेळा फाइल घेऊन मुलगा येतो आणि गोळ्या सून देते किंवा दिवसाची बाई देते. मग 'रात्रीची किती वाजता?' या प्रश्नावर फोन लावायला लागतो. आणि वडिलांना डॉक्टरांसोबत दहा मिनिटं एकटं बसू द्या, राग मानू नका. लघवी कपड्यात होते हे मुलासमोर कुणी सांगत नाही. पडलेलंही लपवतात, कारण सांगितलं की फिरायला जाणं बंद होतं.

खर्चाचं थोडक्यात: सरकारीत केसपेपरचे किरकोळ पैसे, खासगीत शहरानुसार, फोन करून विचारा आणि 'पहिल्या भेटीला किती वेळ देता' हेही विचारा. दहा मिनिटं असं उत्तर आलं तर पाटी काहीही असो, ती जागा सोडा. मुंबईत जे. जे. रुग्णालय राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमाचं प्रादेशिक केंद्र आहे. याच कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतही वृद्धांची ओपीडी असते, वार मात्र आधी विचारून घ्या. माहितीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. सत्तरीनंतरचं आयुष्मान वय वंदना कार्ड, वर्षाला ५ लाखांचं, भरती झाल्यावर चालतं. ओपीडी, तपासण्या आणि महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. कुठेच सोय नसेल तर तुमच्या तिघांपैकी ज्यांच्याशी बोलणं सोपं जातं त्यांच्याकडे फक्त औषधांच्या पिशवीसाठी वेगळी वेळ मागा, दुसरी कुठलीही तक्रार न काढता.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. माणूस तासाभरात किंवा दोन दिवसांत अचानक बरळायला लागला, ओळखेनासा झाला, तोंड वाकडं झालं, पडल्यावर पायावर भार देता येत नाही, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर ही ओपीडी नाही, थेट कॅज्युअल्टी. दुसरं, वरची केस वाचून घरी कात्री लावू नका. हृदयाचं मेटोप्रोलॉल, झोपेचं-फिटचं क्लोनाझेपाम, कंपवाताचं लेव्होडोपा आणि स्टेरॉइड अचानक तोडले की धोका असतो. स्टेंटनंतरचं क्लोपिडोग्रेल हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवायचं नाही. तिसरं, गोळी बंद केल्यावर सगळे सुधारतात असं नाही. काहींचा ताठरपणा महिनोन्‌महिने राहतो, आणि काहींत कळतं की खरा कंपवात आधीपासून दडलेला होता. त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडेच परत पाठवावं लागतं.

आज रात्री एवढं करा: वडिलांच्या गॅसच्या कॅप्सूलची स्ट्रिप उलटून बारीक अक्षरं वाचा. लेव्होसल्पिराइड दिसलं, किंवा चक्करीसाठी सिनारिझिन महिनाभराहून जास्त चालू असेल, तर ज्यांनी लिहिलंय त्यांना उद्याच फोन करून विचारा, 'चालणं यामुळे मंदावलं असेल का, बंद करू का?' त्यासाठी अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.