जुनी पोर्शे बॉक्सस्टर घेतोयस तर

अरे, फोटो पाहून टोकन देऊ नकोस. गाडी वडोदऱ्यातली असेल तर पहिला प्रश्न: ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा ती कुठे उभी होती? मालक हसून टाळेल. आपण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. मी एका चकाचक गाडीचा ओढला, तर आतल्या टोकाला वाळलेल्या चिखलाची करडी रेघ! नमस्कार करून निघालो. पहिल्या पिढीच्या बॉक्सस्टरमध्ये इमोबिलायझरचा (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) डबा सीटखालीच असतो. तिथे पाणी शिरलं की गाडी हूं की चूं करत नाही.

दुसरं, इंजिनातलं आयएमएस बेअरिंग, म्हणजे आतल्या इंटरमीडिएट शाफ्टला (मधल्या दांड्याला) आधार देणारं बेअरिंग. ते तुटलं तर अख्खं इंजिन जातं. ऑइल फिल्टर उघडून घड्यांत धातूची चमक दिसते का ते बघ. बेअरिंग बदललं असेल तर तोंडी नको, बिल माग.

टायरवर २३१८ असेल तर तो २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल असो, बदलायचाच.

गाडीच्या किमतीव्यतिरिक्त पहिल्या वर्षासाठी घसघशीत रक्कम बाजूला ठेव (वहिनींना आधीच सांग, माझं ऐक). आणि रविवारी पहाटे अहमदाबाद एक्सप्रेसवेवर काढलीस तरी ऑइल तापेपर्यंत पाय हलकाच.