भांडं रिकामं द्यायचं नाही

प्रिय चिऊ,

काल शेजारच्या आजींचं निळं भांडं परत द्यायला निघालीस आणि मी तुला दारातच अडवलं. "धुतलंय ना आई, मग नुसतं का नाही द्यायचं?" असं तू चिडून विचारलंस. मी ऑफिसच्या फोनवर होते, उत्तर राहूनच गेलं.

आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत गं. घरात काही केलेलं नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. चिपळूणला तुझी आजी मला अशीच साखर घातलेली वाटी देऊन शेजारी पिटाळायची. ज्यांनी आठवणीने दिलं, त्यांच्या हातात मोकळं भांडं ठेवायला जीव होत नाही.

या निळ्या भांड्यातून आले होते शेजारच्या आजींच्या झाडाचे ब्रॅमली. एक चावून तू कसं तोंड केलं होतंस! ही सफरचंदं शिजवायचीच. आंबट असतात आणि आच लागली की लोण्यासारखी मऊ होतात. पहिलं झाड इंग्लंडमधल्या साउथवेल गावी १८०९ साली मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने लावलेल्या बीतून उगवलं. नाव मात्र लागलं पुढे ते घर विकत घेणाऱ्या ब्रॅमली नावाच्या खाटकाचं. मला हे फार मनाला लागतं.

आज शाळेतून आलीस की आपण डॉर्सेटचा अ‍ॅपल केक करू. शेजारच्या आजी इथल्याच, डॉर्सेटच्या, त्यांच्या लहानपणचा पदार्थ. २२५ ग्रॅम सेल्फ-रेझिंग, म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेल्या, मैद्यात ११५ ग्रॅम थंड लोणी चोळायचं, हे काम तुझं. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतेस ना, तसंच. फक्त बोटांच्या टोकांनी, तळव्याची ऊब लागली तर लोणी वितळेल. सगळं रवाळ दिसलं की ११५ ग्रॅम साखर, २२५ ग्रॅम सफरचंदाच्या बारीक फोडी, एक अंडं आणि लागेल तसं चमचा-दोन चमचे दूध. पीठ घट्टच हवं, चमच्याला धरून राहणारं. वर जाडसर, तपकिरी डेमेरारा साखर भुरभुरायची, तिचाच कुरकुरीत पापुद्रा होतो. ओव्हनमध्ये १८० अंशांवर साधारण पाऊण तास. वेलची घालायचा मला मोह होतो, पण आजींना त्यांच्या ओळखीच्या चवीचाच जाऊ दे.

पहिला तुकडा निळ्या भांड्यात. गरम असतानाच ने. "कशाला एवढं" म्हणाल्या, तर हसून भांडं ओट्यावर ठेव आणि ये.

तुझी आई